सगीराबीनं जे ऐकलं

डॉक्टर मजीद पडद्याच्या बाहेर खुर्चीवर बसत आणि सगीराबी पडद्याच्या आत, बाईजवळ. छातीला नळी लावायची ती सगीराबीनं. काय ऐकू येतंय ते तिनं आतून सांगायचं, डॉक्टरांनी बाहेरून चार गोष्टी विचारायच्या आणि मग औषध लिहून द्यायचं. औरंगाबादेत नवाबपुऱ्यात एका जहागीरदाराच्या बेगमेनं बायकांसाठी दवाखाना बांधून दिला होता, तिथं कितीक वर्षं हे असंच चालत होतं. डॉक्टरांनी परक्या बाईच्या अंगाला हात लावायचा नाही ही बेगमेची अटच होती. मग ती बाई बुरख्यातली असो की रानात मेंढ्यांमागं उघड्या तोंडानं हिंडणारी असो.

सगीरा हिमरूचं कापड विणणाऱ्याची मुलगी. बापाचं आयुष्य मागावर गेलं आणि शेवटची वर्षं खोकण्यात गेली. नवरा निकाहनंतर थोड्याच दिवसांत प्लेगानं गेला. सासरच्यांनी तिला मनहूस म्हणून परत धाडलं. बाप वारल्यावर ती या दवाखान्यात झाडलोट करायला लागली. तेव्हा तिथं एक ख्रिस्ती डॉक्टरीणबाई होत्या. झाडता झाडता ही पोरगी पेशंट बाईकडं टक लावून बघत उभी राहते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला शिकवायला सुरुवात केली.

नळी शेवटी लावायची, आधी डोळे वापरायचे, असं त्यांचं सांगणं असे. बाई पायऱ्या चढून येते तेव्हाच बघायचं. दारात थांबते का, बोलता बोलता वाक्य तोडते का, नाकपुड्या फुलतात का, बसल्या जागी गळ्याच्या शिरा टरारलेल्या दिसतात का. ओठ आणि नखं निळसर आहेत का. घोट्यावर अंगठा दाबून धरायचा आणि उचलल्यावर खड्डा राहतो का ते बघायचं. रात्री आडवी होऊन झोपते की बसून, आणि खोकल्यातून काय पडतं, हे विचारायचं. एवढं झाल्यावर नळी. दम्याची छाती शीळ घालते. पाणी भरलेली छाती बुडबुडते. क्षयाला शहरात सगळे दिक म्हणत. दिकनं पोखरलेल्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, तव्यावर मीठ टाकल्यासारखं तडतडतं.

डॉक्टरीणबाई पुण्याकडं निघून गेल्या आणि त्यांच्या जागी डॉक्टर मजीद आले. माणूस बरा होता. हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरी शिकलेला, हुशार, कधी आवाज न चढवणारा. मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून खेड्यातल्या बायकांशी बोलणंही सगीराबीकडंच आलं. सुरुवातीला त्यांनी तिला उलटसुलट विचारून पारखून घेतलं, नंतर तिच्या कानांवर विसंबले. सगीराबीला याचा अभिमान होता. गल्लीतून जाताना बायका तिला सलाम करत, तेव्हा ती मान जराशी ताठ ठेवून चाले.

एका हिवाळ्यात करमाडच्या बाजूच्या एका धनगरवाडीवरून भागूबाई नावाची बाई आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव बानाबाई. वय विशीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळी, गाल मात्र लाल, उन्हानं तापल्यासारखे. भागूबाईची तक्रार अशी की सून मेंढरांमागं चार पावलं चालली की बसते, पाण्याचा हंडा उचलला की धापा टाकते. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पोट पडलं. हिला खरंच दमा आहे की ही कामचुकार आहे, तेवढं सांगा, असं ती म्हणाली.

सगीराबीनं बानाबाईला पडद्याआड नेलं. पायऱ्यांवर ती दोनदा थांबली होती, हे तिनं आधीच पाहिलं होतं. घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा राहिला. विचारता विचारता कळलं की लहानपणी हिला मोठा ताप आला होता, गुडघे, कोपरं सुजून आठवडेच्या आठवडे ती अंथरुणावर होती. नळी लावली तर शीळ नव्हती. सगीराबीनं तसं बाहेर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तिला डाव्या कुशीवर वळव आणि स्तनाच्या खाली ऐक. तिनं वळवलं, ऐकलं. काळजाच्या ठोक्यांच्या मधे, लांबच्या घरात जातं फिरत असावं तशी घरघर येत होती.

दमा नव्हे, डॉक्टर म्हणाले. काळजाच्या आतला एक दरवाजा त्या तापानं आखडला आहे, रक्त पुढं जात नाही, मागं फुप्फुसात साचतं. यावर इलाज नाही. औषधाचे थेंब देतो, त्यानं सूज उतरेल. मीठ कमी, ओझं बंद, आणि मूल होऊ द्यायचं नाही. पुन्हा दिवस राहिले तर बाळंतपणात ही जाईल.

बानाबाई आत चोळीची गाठ बांधत होती. सगीराबी ओसरीवर आली आणि डॉक्टर जे बोलले ते सगळं तिनं भागूबाईला मराठीतून नीट समजावून सांगितलं.

"म्हंजी हिला लेकरू व्हणार नाय," भागूबाई म्हणाली.

"होईल. पण ही वाचणार नाही."

मग तिनं थेंब किती पाण्यात घालायचे ते विचारून घेतलं, बाटली पदरात बांधली आणि सुनेला घेऊन गेली. त्या दिवशी सगीराबी समाधानानं जेवली. एका बाईचा जीव आपण राखला, असं तिला वाटलं.

पावसाळा सरल्यावर बानाबाई एकटीच आली. घोंगड्या विकायला निघालेल्या कुणाच्या तरी गाडीत बसून. पाय पोटरीपर्यंत सुजले होते, थेंब कधीच संपले होते. ओसरीवर बसून तिनं आधी दम घेतला आणि मग थांबत थांबत सांगितलं. सासूनं घरी जाताच भावकी बसवली. नवरा सोनाजी आधी नाही म्हणाला, मग गप्प झाला, मग पाऊस पडायच्या आधीच त्याचं दुसरं लग्न लागलं. बानाबाईला तिच्या भावाच्या, कडूबाच्या घरी आणून सोडलं. भावजय पहिले काही दिवस बोलली नाही, नंतर बोलू लागली. काम न करणारं माणूस किती दिवस पोसायचं, असं.

सगीराबी तिच्या घोट्यावर अंगठा दाबायला वाकली. बानाबाईनं पाय मागं घेतला.

"माह्या छातीतलं तुम्ही मला का नाय सांगितलं?"

"तुझ्या सासूला सांगितलं ते तुझ्याच जिवासाठी."

"तिला माहा जीव नको व्हता, नातू पायजे व्हता. तिला तुम्ही वाट दाखवून दिली." ती थांबली, श्वास घेतला. "छाती माही व्हती. मला सांगितलं असतं तर काय करायचं ते मी ठरवलं असतं. मेले असते तर माह्या घरात मेले असते."

ती बाई म्हणाली ते खरं होतं, आणि ते आपल्या मनात एकदाही कसं आलं नाही, याची सगीराबीला लाज वाटली. दवाखाना बंद झाल्यावर तिनं बानाबाईला आपल्या घरी नेलं. रोशन गेटाजवळ तिची एक खोली आणि पुढं न्हाणीएवढं अंगण होतं. दोन दिवसांसाठी नेलं, पण बानाबाई परत कुठं जाणार होती? ती राहिली. तिनं अंगणात स्वतःची वेगळी चूल मांडली. वर्षभर तिचं पाणीसुद्धा वेगळं होतं. मग एका आजारपणात सगीराबीनं तिला पेज भरवली आणि वेगळी चूल आपोआप बंद झाली. गल्लीतले मुसलमान सगीराबीला नावं ठेवत, आणि वाडीवरचे लोक बाजाराला आले की बानाबाईला बघून तोंड फिरवत. दोघींनी त्याची सवय करून घेतली.

थेंब चालू राहिल्यानं बानाबाई बरी राहिली. बरी म्हणजे भाकरी थापण्याइतकी. रोज सकाळी सगीराबी तिचे पाय बघे, आणि सूज चढलेली दिसली तर त्या दिवशी तिला उठू देत नसे.

पण बानाबाईच्या प्रकरणातून एक वेगळंच निघालं. काळीज नासलेली सून दवाखान्यात ओळखता येते, ही गोष्ट वाडीवरून गावात आणि गावातून शहरात पसरली. लग्न ठरवण्याआधी लोक मुलीला घेऊन यायला लागले. मुलाची आई सोबत असे. हिची छाती बघून द्या, म्हणे. मुलाची छाती बघून घ्यायला कधीच कुणी कुणाला सांगितलं नाही. बानाबाई ऐकून म्हणाली, मेंढी घेताना बी पाठ दाबून बघत्यात, त्यातलाच परकार. डॉक्टरांना हे आवडत नव्हतं, पण एवढ्यानं दिकचे पेशंट लवकर सापडतात, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सगीराबी ऐकत राहिली, सांगत राहिली. काही मुली तिच्या शब्दावर माघारी गेल्या. चेलीपुऱ्यातल्या एका मुलीला नुसता थंडीतला दमा होता, पण 'छातीचं आहे' एवढाच शब्द घरोघर गेला, आणि ती मुलगी बापाच्या घरीच राहून म्हातारी झाली.

मग गुलशन आली. जुन्या बाजारात टोप्या विकणाऱ्या शफीकची ही थोरली मुलगी. होणारी सासू पडद्याबाहेर, डॉक्टरांपासून जरा लांब बाकावर बसली होती. सगीराबीनं गुलशनला बसवलं. मुलगी देखणी, पण संध्याकाळी ज्वर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असते तशी चकाकी डोळ्यांत होती. गळ्याच्या हाडाखाली बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं टिचकी मारली, तर डावीकडं पोकळ आवाज येत होता आणि उजवीकडं ठस्स. तिनं नळी ठेवली. तव्यावर मीठ.

गुलशन तिच्या तोंडाकडं बघत होती. ती अगदी हळू म्हणाली, "खाला, हे तिसरं स्थळ आहे. आधीची दोन मोडली."

"वरचा कोपरा कसा आहे?" डॉक्टरांनी बाहेरून विचारलं.

"साफ."

"उजवीकडं टिचकी ठस्स वाजली. पुन्हा ऐक."

सगीराबीनं नळी उचलली, पुन्हा तिथंच ठेवली, पुन्हा तेच ऐकलं.

"साफ आहे, डॉक्टरसाब."

सासू बाकावरून उठून डॉक्टरांना दुवा देत असताना सगीराबीनं आत गुलशनला सगळं सांगून टाकलं. तुला दिक आहे. अजून लहान आहे. ताट, पेला वेगळा ठेव, खोकताना तोंडावर फडकं धर, ते फडकं जाळ. दूध, अंडी खा, उन्हात बस. दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून ये, मी माशाचं तेल देईन. गुलशन प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. तिचं सगळं लक्ष दाराकडं होतं.

घरी आल्यावर सगीराबीनं हे बानाबाईला सांगितलं. "तिला सांगितलं ना? मग झालं. आता तिचं ती बघंल," बानाबाई म्हणाली. सगीराबीलाही ते पटलं, बरं वाटलं. ज्या घरात गुलशन चालली होती, त्या घरात अजून कुणाकुणाच्या छात्या आहेत, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

गुलशन कधीच आली नाही. नव्या सुनेला दर महिन्याला कोण बाहेर सोडतो? एकदा सगीराबी स्वतः त्या घरापर्यंत गेली. दारातच सासूनं सांगितलं की सून मजेत आहे, पोटाशी आहे. आतून खोकल्याचा आवाज आला. सासू म्हणाली, मिरच्यांची फोडणी दिलीय. सगीराबी परत फिरली. वेगळं ताट, वेगळा पेला हे सगळं त्या घरात होणं शक्य नव्हतं, हे तिला त्या दारात उभं राहिल्यावर कळलं. तिथं सगळ्या बायका एकाच थाळ्यात जेवत.

पुढच्या उन्हाळ्यात तीच सासू दोघींना घेऊन दवाखान्यात आली. गुलशनचं बाळंतपण होऊन गेलं होतं, मूल जगलं नव्हतं, आणि आता खोकल्यातून रक्त पडत होतं. दुसरी होती तिची नणंद, बिल्किस, अजून खेळायच्या वयाची. तिला रोज संध्याकाळी ताप येत होता. बिल्किस भाभीच्या मागंमागं असायची, तिच्याच कुशीत झोपायची, असं सासूनं सांगितलं. सगीराबीनं आधी बिल्किसला नळी लावली. आवाज अगदी तोच होता.

या वेळी तिनं काही लपवलं नाही. दोघींचंही जे ऐकलं ते जसंच्या तसं बाहेर सांगितलं. डॉक्टरांनी औषधं लिहिली, सासूला काय सांगायचं ते सांगितलं, आणि ती मंडळी गेल्यावर सगीराबीला बाहेर बोलावलं. त्यांना गुलशनचं नाव आठवत होतं.

"लग्नाआधी ही आली होती, तेव्हा ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं?"

"आलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी दुसऱ्यांदा विचारलं होतं. मला शंका होती म्हणून विचारलं होतं."

"शंका होती तर एकदा पडदा उचलून बघायचं होतं, डॉक्टरसाब."

दुसऱ्या दिवसापासून तिनं यायचं नाही, एवढंच ते म्हणाले. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सगीराबीला कमी ऐकू येऊ लागलंय, म्हणून तिला काढली, असं त्यांनी बेगमेला कळवलं. त्यात तिची अब्रू वाचली आणि त्यांचीही. तेव्हापासून गल्लीतले लोक तिच्याशी ओरडून बोलायला लागले. तिनं कुणाला तसं नाही म्हणून सांगितलं नाही.

शफीकला मात्र लेकीनं सगळं सांगितलं होतं. गुलशन गेल्यानंतर तो एका दुपारी सगीराबीच्या दारात आला. ती उठून उभी राहिली. शिव्या देईल, मारेल, अशी तिची तयारी होती. तो तसलं काही बोलला नाही.

"बी, मला तरी सांगायचं होतं," तो म्हणाला. "मी बाप होतो तिचा. लग्न मोडलं असतं मी, औषधपाणी केलं असतं. घरात बसवून ठेवली असती."

तो गेल्यावर सगीराबी बानाबाईला म्हणाली, तुझं ऐकून मी मुलीला सांगितलं, तुझ्या वेळी सासूला सांगितलं, कुणालाच सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. बानाबाईला हे लागलं. ती चार दिवस बोलली नाही. बिल्किस पावसाळ्यात गेली. त्या जनाज्याची खबर द्वारकाबाई नावाच्या शेजारणीनं आणली, आणि बहिऱ्या माणसाला सांगावी तशी मोठ्यानं, दोनदा सांगितली.

नंतर दोघी गोधड्या शिवून पोट भरू लागल्या. सगीराबीला कुणी बाळंतपणालासुद्धा बोलावत नव्हतं. बानाबाईचे थेंब तेवढे ती डॉक्टर मजीद यांच्या घराच्या मागच्या दारानं आणे. ते आतून बाटली पाठवत, स्वतः कधी समोर येत नसत. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, हैदराबादेहून औषधं येईनाशी झाली, आणि एके दिवशी मागच्या दाराला कुलूप दिसलं. थेंबाविना बानाबाईची सूज मांडीपर्यंत चढली. सगीराबीकडं आता नळीही नव्हती. ती बानाबाईच्या पाठीला कान लावून ऐके. पाणी कुठवर चढलंय ते तिला कळत होतं, पण त्याचं करायचं काय, हे तिच्या हातात नव्हतं. एका सकाळी, भिंतीला टेकून बसल्या जागी, बानाबाई गेली.

बाजाराला आलेल्या गाडीवाल्याकडून निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी कडूबा दोन माणसं घेऊन आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच या दारात येत होता. तो अंगणातच उभा राहिला, आत आला नाही. माती आमची आम्ही देऊ, तुम्ही येऊ नका, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. मग जरा अवघडून विचारलं, तिला नेमकं झालं तरी काय होतं?

सगीराबीनं त्याला सगळं सांगितलं. लहानपणचा तो ताप, सुजलेले सांधे, काळजातला आखडलेला दरवाजा, मागं साचणारं रक्त. तिनं इतक्या नीट कुणाला कधी सांगितलं नसेल. कडूबानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"बी," तो म्हणाला, "लोकाला दमा व्हता म्हणून सांगा. काळजाचं म्हणू नका. माही पोरगी लग्नाला आलीय. आत्याचं काळीज तसं व्हतं म्हणल्यावर लोक पोरीला बी तेच म्हणत्याल."

"बरं," सगीराबी म्हणाली. "दमा होता."

त्यांनी बानाबाईला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं आणि नेलं. वाडीवर ती दम्यानं गेली, असंच सगळ्यांना सांगण्यात आलं. कडूबाच्या पोरीचं लग्न त्याच उन्हाळ्यात चितेगावच्या एका घरी लागलं.